चिठ्ठीखालचा चौकोन

१

दाखल्यावर तीनच शब्द होते आणि त्या तीन शब्दांनी चार वर्षांच्या एका पोरीची वाट अडवून धरली होती. ‘निकाल: नोंद नाही.’

“नोंद नाही म्हणजे चांगलंच ना?” खिडकीबाहेरून शिंपिणीने विचारलं. ब्लाउजच्या खांद्याला दोन सुया टोचलेल्या, हातात कापडी पिशवी.

“गुन्ह्याची नोंद आहे, बाई. त्याच्या निकालाची नाही. आणि आमच्याकडे रिकामं ते वाईट धरतात.”

हे सांगणारी भिंगबाई. बावीस वर्षं गुन्हे नोंद कार्यालयात बोटांचे ठसे ताडून पाहायचं काम, गळ्यात सुतळीला बांधलेलं भिंग, आणि खरं नाव फक्त पगारपत्रकावर. कुणाला नोकरी हवी, कुणाला मूल दत्तक हवं, की त्याचा मागचा जन्म तपासून चारित्र्याचा दाखला द्यायचा, हे तिच्या टेबलाचं काम.

“मी निर्दोष सुटलेय,” शिंपीण म्हणाली. “सतरा वर्षांपूर्वी कारखान्यातून रेशमाचा तागा गेला. तिघी जणींना धरलं, दहाही बोटं काळी केली. पुढच्या वर्षी न्यायाधीश म्हणाले, जा घरी. मी गेले.”

“निकालाची प्रत?”

“न्यायालयात विचारलं. बारा वर्षांवरचे छोटे खटले रद्दीत जातात म्हणे. माझी प्रत घर बदलताना गेली. सुटलेलं माणूस कागद कशाला जपेल हो? मी ते दिवस विसरायला बघत होते, चौकट करून भिंतीला लावायला नाही.”

तीन महिन्यांपूर्वी तिची बहीण गेली होती. बहिणीची लेक बालगृहात होती. उद्या दुपारी बारा वाजता समिती बसणार. स्वच्छ दाखला असेल तर पोर मावशीच्या घरी, नसेल तर दूरच्या गावच्या एका जोडप्याकडे.

“चांगले लोक आहेत म्हणतात. असतीलही. पण ती झोपताना दुसऱ्याच्या कानाची पाळी धरते. हे त्यांना कोण सांगणार?”

भिंगबाई उठली. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. इथे मावशी जगली होती आणि कागद मेला होता. कपाटखोलीतून तिने मूळ कार्ड आणलं. दहा काळे ठसे, वर तारीख. कार्ड जुन्या दातासारखं पिवळं पडलेलं. फक्त डाव्या वरच्या कोपऱ्यात आगपेटीएवढा एक पांढरा चौकोन.

तिने भिंग धरलं. चौकोनात दोन बारीक भोकं होती आणि दोन भोकांमध्ये गंजाची एक रेघ.

इथे वर्षानुवर्षं काहीतरी टोचलेलं होतं. आणि आता ते नव्हतं.

२

त्या काळची रीत अशी. न्यायालयातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा यायचा. सुटका झाली तर हिरवी, कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात. शिक्षा झाली तर गुलाबी, उजव्या कोपऱ्यात. चिठ्ठीवर शिक्का, तारीख, सही, बस्स. नाव नाही, क्रमांक नाही. टाचणीने कार्डाला टोचली की ते कार्डच तिचं नाव. चाळीस वर्षं सगळं एका टाचणीच्या भरवशावर चाललं होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. आपल्या घरातला डुगडुगता पाट आपल्याला कुठे डुगडुगतो!

“म्हणजे हिरवी चिठ्ठी होती, असं तुमचं म्हणणं,” साहेब म्हणाले. त्यांच्या टेबलावर एक मोजपट्टी पडली होती.

“डाव्या कोपऱ्यात होती म्हणजे हिरवीच. चिठ्ठीखाली कार्ड पिवळं पडलं नाही, साहेब. काल-परवापर्यंत ती तिथे होती.”

“बाई, मी समितीला काय कळवू? आमच्याकडे एक पांढरा डाग आहे?”

“कळवा ना.”

“चिठ्ठी आणा, सही करतो. उद्या साडेअकरापर्यंत आणा. आणि हे बाहेर बोलू नका. गेल्या महिन्यातच वर लिहून दिलंय मी, की सगळी कार्डं स्कॅन होतायत, एक कागद इकडचा तिकडे झालेला नाही.” त्यांनी मोजपट्टी हळूच खणात सरकवली. “झाला असेल तर मला आवडणार नाही.”

आवडणार नाही की परवडणार नाही? भिंगबाई बाहेर आली. जिन्याच्या कठड्यावर तिची बोटं आपोआप ताल धरू लागली. जीव थाऱ्यावर नसला की तिचं असंच व्हायचं. बाहेरच्या बाकावर शिंपीण तशीच बसून होती. पिशवीतून तिने एक इवलासा फ्रॉक काढला होता आणि त्याची दुमड घालत होती.

“घरी जा, बाई. मी फोन करते.”

“घरी शिवण होत नाही,” शिंपीण म्हणाली. “इथे निदान भिंत आहे टेकायला.”

३

स्कॅनच्या खोलीत यंत्र घुर्र घुर्र करत कार्डं गिळत होतं. त्याच्याशेजारी काचेची बरणी, काठोकाठ गंजक्या टाचण्यांनी भरलेली. स्कॅनवाला पस्तिशीचा, तोंडाने अखंड चालू.

“या भिंगबाई, या. लोणचं घ्या.” त्याने बरणी पुढे केली. “सहा महिने मुरलंय.”

“एका कार्डाची चिठ्ठी गेलीय.”

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. “माझ्याकडून?”

“ते बघायला आलेय. तू करतोस काय, सांग. एकेक पायरी सांग.”

“खण येतो. टाचणी काढतो, नाहीतर यंत्राच्या घशात अडकते. कार्ड स्कॅन, चिठ्ठी स्कॅन. मग चिठ्ठी परत त्याच जागी लावतो, पण टाचणीने नाही. टाचण्या गंजतात, म्हणून नवा नियम, स्टेपल मारायची.” उजव्या हाताने त्याने स्टेपलर टकटकवला. “दिवसाला पाचशे. चूक होत असेल, नाही म्हणत नाही. दोन चिठ्ठ्या उलटसुलट झाल्या असतील. पण मुद्दाम नाही हो, आईशपथ.”

भिंगबाईने शिंपिणीचं कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. पांढऱ्या चौकोनात दोनच भोकं, दोन्ही टाचणीची. स्टेपलच्या दोन खुणांचं नावनिशाण नाही. स्कॅनमध्येही कार्ड होतं तसंच: पिवळं अंग, पांढरा कोपरा.

“तू सुटलास,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“तू चिठ्ठी काढली असतीस तर परत लावताना स्टेपल मारली असतीस. दुसऱ्याच कुणाची चिठ्ठी चुकून लावली असतीस, तरी मारली असतीस. इथे काहीच नाही. हे कार्ड तुझ्या टेबलावर आलं तेव्हा ते उघडंच होतं.”

त्याने सुस्कारा सोडला, मग कपाळाला आठी घातली. “मग त्याआधी. पण त्याआधी कार्डं कपाटखोलीत असतात. तिथली किल्ली काकांकडे.” तो दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, “आणि एक साहेबांकडे. गेल्या पंधरवड्यात साहेब दोनदा आत गेलेले मी पाहिलेत. एकटेच. दार लावून.”

४

काका कपाटखोलीत स्टुलावर बसून चहा पीत होते. चाळीस वर्षांची नोकरी, दोन महिन्यांनी निवृत्ती. बशी उजव्या तळव्यावर, कप डाव्या हातात. किल्ल्यांचा जुडगाही डाव्या कमरेला.

भिंगबाई नवी नवी आली तेव्हा ठसे घ्यायला त्यांनीच शिकवलं होतं. समोरचा माणूस घाबरून बोट ताठ करतो, मग ठसा फरकाटतो. म्हणायचं, हात सैल सोडा. आधी आपण सैल व्हायचं, मग तो होतो. बावीस वर्षांत तिने हे वाक्य हजारदा म्हटलं होतं. चोरांना म्हटलं, खुन्यांना म्हटलं, नोकरीला निघालेल्या शिक्षिकांनाही म्हटलं.

“काका, साहेब इथे कशाला आले होते?”

“खोली मोजायला.” काका हसले. “मी गेलो की ही कपाटं तळघरात, आणि इथे त्यांची नवी केबिन. मोजपट्टी घेऊन चोरासारखे आले, मला कळू नये म्हणून. मी या कपाटामागे उभा होतो. दोनदा मोजलं, दोनदा वेगळं आलं.”

तिलाही हसू आलं. मग तिने शिंपिणीची गोष्ट सांगितली. बालगृह, बारा वाजता, कानाची पाळी. काका ऐकत राहिले. चहावर साय धरली.

“उंदीर असतील,” शेवटी ते म्हणाले.

“उंदीर टाचणी खात नाहीत.”

“मग पडली असेल. कागद आहे पोरी, कागद पडतो.” ते उठले आणि कारण नसताना एक खण उघडून परत लावला. “किती वर्षांची आहे म्हणालीस ती मुलगी?”

“चार.”

“हं.”

ती दाराशी पोचली तेव्हा तिला काकांचंच एक जुनं वाक्य आठवलं. हरवलेला कागद कचऱ्यात शोधू नये, दुसऱ्या कागदापाशी शोधावा. कागदाला कागदाचीच सोबत लागते. ती मागे वळली, इथे तो दुसरा कागद कुठला असेल ते विचारायला. काका पाठमोरे उभे होते. डाव्या हाताचं बोट कपाटाच्या कडेवरून फिरवत, जणू धूळ बघतायत. पण कपाटावर धूळ नव्हती.

तिने विचारलं नाही.

५

हिरवी चिठ्ठी कुणी का नेईल? टाकायला? छे. शिंपिणीशी कुणाचं वैर असलं तरी या खोलीत येऊन कोण सूड उगवतो! हिरवी चिठ्ठी नेतो तो, ज्याला हिरवी चिठ्ठी हवी असते. म्हणजे ती आत्ता दुसऱ्या कुणाच्या तरी कार्डावर आहे.

गेल्या महिन्याभरात कुणाकुणाला हिरव्या चिठ्ठीवर दाखला मिळाला, त्याची यादी तिने काढली. सात जण. सातही कार्डं घेऊन ती बाकापाशी आली. खिडकीशी तिथेच उजेड बरा होता. शिंपीण फ्रॉकला बाही जोडत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती:

*सुई जाते पुढे पुढे, दोरा तिच्या पाठी,*
*मावशीचा जीव जागा बहिणीच्या साठी.*

“जरा बोट द्या तुमचं,” भिंगबाई म्हणाली. “माझ्या बोटांवर शाईचे घट्टे पडलेत. ही भोकं चाचपून बघा.”

शिंपिणीने आपल्या कार्डावरून अलगद बोट फिरवलं. सतरा वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या ठशांकडे तिने पाहिलं नाही. “डावीकडचं गुळगुळीत आहे, उजवीकडचं खरखरीत. टाचणी डावीकडून आत शिरलीय, उजवीकडून वर आलीय. डावखुऱ्याचं काम. आमच्या कारखान्यात एक होती तशी, तिच्या टाचण्या आम्ही बोटानेच ओळखायचो.”

“इथल्या सगळ्या जुन्या टाचण्या तशाच आहेत. एकाच माणसाने टोचल्यात, चाळीस वर्षं.”

यातून काही सिद्ध होत नव्हतं. भिंगबाईने एकेका कार्डावरची स्टेपल सैल करून हिरवी चिठ्ठी उचलायला सुरुवात केली. पहिलं कार्ड: खाली पांढरा चौकोन, गंजाची रेघ. दुसरं तसंच. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं. प्रत्येक चिठ्ठीखाली तिचं स्वतःचं अंगण.

सातवी चिठ्ठी तिने उचलली. खाली कार्ड पिवळंधमक होतं.

आणि उजव्या कोपऱ्यात, जिथे आता काहीच नव्हतं, तिथे एक पांढरा चौकोन. गुलाबी चिठ्ठीची जागा.

शिंपिणीची सुई थांबली. हिरव्या चिठ्ठीच्या भोकांना गंज लागलेला होता. तिच्याखालच्या कार्डाच्या भोकांना नव्हता. ती भोकं नवी, कोरी होती. शिंपिणीने विचारायच्या आधीच त्यांवर बोट फिरवलं.

“डावीकडून,” ती म्हणाली. “हीसुद्धा.”

चिठ्ठी पट्टी लावून हाताने फाडलेली होती, एक कड दातेरी. भिंगबाईने ती शिंपिणीच्या कार्डाच्या पांढऱ्या चौकोनावर ठेवली. दाता दात्याशी बसला, भोक भोकाशी.

शिंपिणीने तोंडावर पदर धरला. भिंगबाईचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. ती सातवं कार्ड बघत होती. कुलूप फोडून चोरी, वय एकोणीस, अटक शिंपिणीच्याच वर्षातली. म्हणून ही चिठ्ठी निवडली होती. तारीख चपखल बसत होती. खाली एक रकाना: ओळख पटवणारा नातेवाईक. तिथे लिहिलं होतं ‘मामा’, आणि पुढे डावीकडे झुकलेली एक सही.

ती सही भिंगबाई रोज सकाळी हजेरीपटावर, आपल्या सहीच्या वरच्या ओळीत पाहत आली होती.

६

सकाळी कार्यालय उघडायच्या आधी ती कपाटखोलीत गेली. काका आलेले होते. तिने दोन्ही कार्डं स्टुलावर ठेवली, चिठ्ठी मधे.

काकांनी चिठ्ठीची दातेरी कड बोटाने चाचपली.

“कसं कळलं?”

“तुम्हीच सांगितलं होतं. दुसऱ्या कागदापाशी शोध.”

“जास्तच शिकवलं तुला.” ते खाली बसले. “बहिणीचा मुलगा. एकोणिसाव्या वर्षी एकदा घसरला, तीन महिने आत बसला. मीच ओळख पटवायला गेलो होतो. त्यानंतर सोळा वर्षं कुणाच्या काडीला हात लावला नाही पोरीने... पोराने. बघ, कालपासून डोक्यात ती पोरच आहे. शाळेच्या बसवर चालकाची नोकरी लागली. दाखला मागितला.”

“दहा वर्षांनी नोंद झाकून मिळते, काका. अर्ज असतो. तुम्हीच तो लोकांना भरून देता.”

“त्यात स्वतःच्या हाताने लिहावं लागतं, मी चोरी केली. मग घरी चौकशीला येतात. त्याच्या बायकोला ठाऊक नाही.” काकांनी चष्मा काढला. “मी म्हटलं, एखादं झोपलेलं कार्ड शोधू. सोळा वर्षांत ज्याला कुणी विचारलं नाही, ते. आता कोण विचारणार? मेली असेल, परदेशी गेली असेल. एक टाचणी काढली, दुसऱ्या कार्डाला टोचली. पुढचं त्या स्कॅनवाल्या पोराने केलं, स्टेपल मारून पक्कं. गुलाबी चिठ्ठी चुलीत गेली.”

“ती मेली नव्हती. सरळ वागत होती. सरळ माणसाचं कार्ड झोपलेलंच असतं.”

“काल तू कानाची पाळी म्हणालीस ना,” काका म्हणाले, “तेव्हापासून माझा डोळा लागलेला नाही. तू दाराशी थांबलीस. विचारशील वाटलं होतं. विचारलं असतंस तर सांगून टाकलं असतं.”

“आपणहून सांगायचं होतंत.”

“हो.” त्यांनी चष्मा परत लावला. “एका मामाने भाच्यासाठी एका मावशीचं काढून घेतलं. आमच्या आईने असल्या मामावर गाणं रचलं असतं.”

बाहेर कुणीतरी खिडक्या उघडत होतं. घड्याळात पावणेदहा. भिंगबाईच्या बोटांनी कपाटावर ताल धरला होता; तिने मूठ मिटली.

“दोन रस्ते आहेत, काका. मी साहेबांकडे जाते, किंवा तुम्ही जाता. दोन्हींत बारा वाजायच्या आत तिला दाखला मिळतो. तुमच्यासाठी मी तेवढंच करू शकते. खोटं नाही बोलणार.”

काका उठले. त्यांनी स्वतःच्या खणातून एक टाचणी काढली, जुनी, लांब. शिंपिणीचं कार्ड समोर घेतलं, हिरवी चिठ्ठी पांढऱ्या चौकोनावर ठेवली. डाव्या हाताने टाचणी डाव्या भोकातून घातली, उजव्यातून वर काढली. नवं भोक पडलं नाही. मग दोन्ही कार्डं छातीशी धरून ते जिना चढले.

साहेब आधी ओरडले, मग पांढरे पडले, मग वर काय लिहायचं याचा विचार करत बसले. पण दोन कार्डं शेजारी शेजारी होती आणि चिठ्ठीचा दाता दात्याशी बसत होता. त्यापुढे मोजपट्टी चालेना. अकरा चाळीसला त्यांनी सही केली. शिंपिणीने दाखला घडी न घालता फ्रॉकमध्ये गुंडाळला, दोन पायऱ्या उतरली, परत वर आली.

“तो माणूस कोण, ज्याने घेतली होती?”

“त्यानेच परत टोचली,” भिंगबाई म्हणाली. “पळा. वीस मिनिटं आहेत.”

भाच्याचा दाखला दुपारीच रद्द झाला. भिंगबाईने त्याच्या पत्त्यावर नोंद झाकण्याचा अर्ज पाठवला, कोरा. तो भरायचा की नाही, हे आता त्याचं आणि त्याच्या बायकोचं.

चार वाजता साहेबांचा निरोप आला. तक्रार दाखल झाली होती. आरोपीचे ठसे घ्यायचे होते आणि आज ठसे घ्यायला दुसरं कुणी नव्हतं.

कपाटखोलीत काका तिच्यासमोर उभे राहिले. तिने काचेवर शाई पसरली, रूळ फिरवला, नवं कोरं कार्ड लावलं. काकांनी सवयीने डावा हात पुढे केला.

“उजवा आधी,” ती म्हणाली.

“हो, खरंच की.”

त्यांचा अंगठा तिने हातात घेतला. तो काठीसारखा ताठ होता. आणि तिचाही हात ताठ होता. चाळीस वर्षांची कपाटं आजूबाजूला गप्प उभी होती. तिने आधी आपले खांदे खाली सोडले, मग मनगट, मग बोटं.

“हात सैल सोडा, काका.”

त्यांनी सोडला. ठसा स्वच्छ उमटला, एकेक रेघ वेगळी.